नाव न सांगणारा पाहुणा

माझ्या आईचे ब्लाउज आयर्लंडमध्ये ज्याने उसवून सैल करून दिले, तो माणूस शिवणकाम अमेरिकेच्या तुरुंगात शिकला होता. हे मी अकोल्याच्या एका मावशीला फोनवर सरळ सांगून टाकलं, तेव्हा आईने शेजारी बसून असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला. तिचं म्हणणं, तुरुंगाचं कशाला सांगायचं, हात किती साफ आहे ते सांग. मला दोन्ही सांगायचं आहे. एक गाळून दुसरं सांगताच येत नाही.

आम्ही आयर्लंडमधल्या नास या गावात राहतो. पोर्टलीशच्या बाजूला एक औषधांचा कारखाना आहे, तिथे मी क्वालिटीच्या लॅबमध्ये काम करते. वेष्टनावर जे लिहिलंय तेच गोळीत आहे ना, आणि तेवढंच आहे ना, हे यंत्रावर तपासायचं. संशय घ्यायचा मला पगार मिळतो आणि घरी मी तो फुकट घेते, हा माझ्या नवऱ्याचा आवडता विनोद. शेजारच्या घरात माझी मैत्रीण राहते. तीही त्याच कारखान्यात, माझ्याहून दोन पायऱ्या वर. अमेरिकेहून बदलीवर आलेली, काळी, उंच, आवाजाने खोली भरून टाकणारी. मीटिंगमध्ये एक गृहस्थ तिचंच म्हणणं स्वतःचं म्हणून परत सांगायला लागले, तेव्हा तिने त्यांना पूर्ण बोलू दिलं आणि मग ‘माझ्याशी सहमत झाल्याबद्दल आभार’ म्हणाली. मला ती त्या दिवसापासून आवडते. कामाला आम्ही एकाच गाडीतून जातो.

एका सप्टेंबरात गाडीतच तिने सांगितलं की पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, आणि घरी बघायला भाऊ येणार आहे.

“तुला भाऊ आहे? कधी बोलली नाहीस ते,” मी म्हणाले.

“आत होता,” ती म्हणाली.

मग कारखाना येईपर्यंत तीच बोलत राहिली. तो विशीत असताना एका कॉलेजच्या पोरांमध्ये त्याची ऊठबस होती. पोरं गोरी, चांगल्या घरची. त्यातल्या एकाकडे पार्टीसाठी कोकेनची पूड असायची. तीच पूड भावाच्या वस्तीत खायच्या सोड्यात शिजवून खडे करून विकायचे. भाऊ ज्या खोलीत भाड्याने राहायचा, तिथे असे खडे सापडले. कॉलेजचा मित्र आधी पकडला गेला होता. त्याने नाव सांगितलं, ते ह्याचं. तिथे नाव सांगितलं की शिक्षा कमी होते. मित्र काही महिने उपचार केंद्रात राहून घरी गेला. आता त्याचा दातांचा दवाखाना आहे, जोरात चालतो म्हणे.

“आणि तुझा भाऊ?”

“त्यालाही म्हणाले, तू नाव सांग आणि घरी जा. त्याच्याकडे एकच नाव होतं, आमच्या मावसभावाचं. मावशीला तो एकुलता एक. ह्याने सांगितलं नाही.”

न्यायाधीशांच्या हातात फार काही नव्हतं. वजन किती, खडे की पूड, एवढं बघायचं, शिक्षेची वर्षं कायद्यात आधीच लिहिलेली. मी रसायनशास्त्र शिकले आहे, म्हणून मला हे ऐकताना अंगाचा तिळपापड झाला. पूड म्हणजे त्या पदार्थाचं मीठ, आणि खडा म्हणजे तोच पदार्थ मीठ काढून टाकलेला. रेणू तोच. आपल्याकडे पिठीसाखर चोरली तर कान पिळून सोडायचं आणि खडीसाखर चोरली तर जन्माची अद्दल घडवायची, असं कुणी म्हटलं तर त्याला आपण वेड्यात काढू. पण पिठीसाखर कुणाच्या घरात असते आणि खडीसाखर कुणाच्या, हे माहीत असलं की वेडेपणा संपतो आणि हिशेब दिसायला लागतो. खड्यासाठी आत गेलेले बहुतेक काळे होते. पुढे तो कायदा थोडा सौम्य केला, जुन्या शिक्षाही परत तपासल्या, आणि तिचा भाऊ बाहेर आला. तोवर त्याची दाढी पांढरी झाली होती.

बाहेर आला म्हणजे मोकळा झाला असं नाही. अजून काही वर्षं त्याच्यावर प्रोबेशन ऑफिसरची नजर होती. कुठे राहतो, कुणाला भेटतो, काय कमावतो, सगळं कळवायचं. लघवीची तपासणी कधीही. त्यात काही निघालं तर खटला वगैरे काही नाही, ऑफिसरच्या अहवालावर न्यायाधीश पुन्हा आत पाठवू शकतो. बहिणीच्या ऑपरेशनसाठी त्याला देशाबाहेर जायची परवानगी मिळाली तीही बऱ्याच अर्जविनंत्यांनी. परतायची तारीख ठरलेली, आणि परतल्यावर लगेच तपासणी द्यायची अट.

तो आला तेव्हा माझी आईही आलेली होती. बाबा गेल्यापासून ती दिवाळीच्या आधी येते आणि इथल्या थंडीला शिव्या देत संक्रांतीपर्यंत राहते. सतत नऊवारीच्या काळातल्यासारखी वागते, पण थंडीपुढे तिचंही काही चालत नाही. आत थर्मल, त्यावर ब्लाउज, त्यावर साडी, त्यावर स्वेटर. ब्लाउज थर्मलवर चढेनात. हुक लावायला मला आणि माझ्या लेकीला दोघींना बोलवायची, आणि आम्ही हसायला लागलो की चिडायची.

तो बहिणीचं सूप गरम करून द्यायचा, तिचं अंथरूण बदलायचा आणि दुपारी ती झोपली की आमच्याकडे चहाला यायचा. एकदा आईची ही झटापट त्याने ओझरती पाहिली. बोटांनी कात्री चालवल्यासारखं केलं. आईने जरा विचार केला आणि कपाटातून सगळे ब्लाउज आणून त्याच्या पुढ्यात टाकले. त्याने एक उलटा केला, शिवणीत सोडलेली माया बघून खूश झाला, आणि नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक टाका असा उसवला की कापडाला कळू नये. बहिणीकडे शिलाई मशीन नव्हतं. त्याने हातशिलाईने नवी शीव घातली. मी ती जवळून पाहिली. मशीनची नाही हे सांगूनही पटलं नसतं.

“कुठं शिकला वं हा?” आईने विचारलं. मी सांगितलं. तिथे सैनिकांचे गणवेश शिवायचं काम असायचं, तेही सांगितलं.

आई ब्लाउजच्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, “हाताले काई लाज नसते बाप्पा. शिकला ते शिकला.” मग थांबून, “आई हाय का त्याची?”

नव्हती. तो आत असताना गेली. अंत्यविधीला सोडा म्हणून त्याने अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याची सुई चालूच होती, आणि मी आईला मराठीत सांगितलं तेव्हाही चालूच होती. आईने त्याच्या बशीत आणखी एक चकली ठेवली.

त्यानंतर आमच्या घरात त्या दोघांचं एक वेगळंच राज्य सुरू झालं. ती वऱ्हाडीत बोलायची, तो इंग्रजीत, आणि मी मध्ये भाषांतर करायला गेले की दोघंही माझ्याकडे अडथळा आल्यासारखं बघायची. माझी लेक मराठी सगळं समजते पण उत्तर पक्क्या नासच्या इंग्रजीत देते. ती म्हणाली, “ही इज साउंड, मम.” तिच्या तोंडी याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला तो एका रविवारी. नवऱ्याने त्याला गावातल्या पबमध्ये जेवायला आणि मॅच बघायला नेलं होतं. भर दुपार, टेबलाटेबलावर लहान मुलं. टॉयलेटमधून चांगल्या इस्त्रीच्या शर्टातली पोरं नाक चोळत, खिदळत बाहेर आली. “युअर मॅन इज फ्लाइंग,” म्हणजे गडी हवेत आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आमच्या पाहुण्याने काटा खाली ठेवला, ताट अर्धं टाकलं आणि बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. नवरा मागोमाग गेला. पाहुण्याने त्याला समजावून सांगितलं की जिथे कोकेन आहे तिथे आपण असणंसुद्धा गुन्हा आहे. मग म्हणाला, “चांगली पोरं वाटतात. सुखरूप घरी जाऊ देत.”

नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भांडी आपटत होते. त्या पोरांना दुसऱ्या दिवशी डोकं दुखण्यापलीकडे काही होणार नव्हतं. आणि ज्याचं अख्खं तरुणपण त्याच पदार्थाने खाल्लं, तो त्यांच्यासाठी सुखरूप घरी जायचा आशीर्वाद मागत होता. मला असं बोलता आलं नसतं. मला तर त्या दाताच्या डॉक्टरचा पत्ता हवा होता.

दिवाळी आली. आईने इकडे आल्याआल्याच तांदूळ भिजवून अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. इथल्या थंडीत ते आंबायला वेळ लागतो म्हणून बॉयलरच्या कपाटात टॉवेलांच्या मागे डबा, आणि टॉवेल काढायला कुणी गेलं की आरडाओरडा. पाडव्याच्या दुपारी तिने अनारसे तळले. पाहुण्याचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. मैत्रीण आता चालू-फिरू लागली होती, तीही पोटावर हात धरून हळूहळू आली आणि सोफ्यावर बसली.

अनारसे त्या दिवशी खरंच साधले होते. जाळी पडलेली, कडा कुरकुरीत. त्याने एक खाल्ला. आईने दुसरा वाढला. त्याने पोटावर हात ठेवून नको म्हटलं, तर तिने तिसरा वाढला. वऱ्हाडात पाहुण्याचं नको हे नको म्हणून कुणी ऐकत नाही, ते आणखी हवं असंच ऐकतात. तो हसत खात राहिला. मग बोटाला चिकटलेला दाणा निरखत त्याने मला विचारलं, “हे तीळ का?”

“नाही,” मी म्हणाले, “खसखस. पॉपी सीड्स.”

मैत्रिणीच्या हातातला कप बशीत वाजला. त्याने ताटली उचलली, टेबलाच्या मध्यभागी अगदी हळू ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

त्याच्या अटींमध्ये खसखस, म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, खायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तिकडे पावावर ती लावतात, आणि ती खाऊन तपासणीत अफूतलं मॉर्फिन निघालं अशी सबब लोक सांगतात, म्हणून ती सबबच बंद केलेली. तो इतक्या वर्षांत त्या पावाच्या वाटेला गेला नव्हता. पण तिकडची खसखस निळी-काळी असते. आपली पांढरी. ती खसखस आहे हे त्याला दिसून कळणं शक्यच नव्हतं, आणि आईला त्या बारक्या दाण्यात काही असतं हे ह्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

“तू केमिस्ट आहेस,” तो मला म्हणाला. “निघेल का?”

मी खरं ते सांगितलं. निघेल किंवा नाही निघणार. दाणे किती धुतलेले आहेत त्यावर आहे, तळणात काही उडालं असेल त्यावर आहे. दोन-तीन दिवस अंश राहू शकतो. तिकडे आधी एका कपातली झटपट चाचणी करतात, आणि त्या कपाला मॉर्फिन शिरेतून गेलं की कढईतून, हे कळत नाही. मोठ्या लॅबमध्ये नमुना गेला तर प्रमाणावरून आणि सोबतच्या इतर घटकांवरून अंदाज येतो. पण तिथपर्यंत नमुना पाठवायचा की कप बघूनच निकाल लावायचा, हे समोरच्या माणसाच्या मनावर.

मग मी उपाय सुचवायला लागले. विमान दोन दिवस पुढे ढकलू. ठरलेल्या तारखेला पोचलो नाही तर तोच गुन्हा, तो म्हणाला. भरपूर पाणी पी. लघवी फार पातळ निघाली तर ती फसवणूक धरतात. तो हे सगळं मला शिकवणीला बसवल्यासारखं शांतपणे सांगत होता. शेवटी म्हणाला, “आत्ता फोन करतो. त्यांना कळायच्या आत मी सांगायला हवं.” तिकडे ऑफिस नुकतंच उघडलं होतं. त्याने बेसिनवर हात धुतले, शर्टाची कॉलर नीट केली आणि बहिणीचा लॅपटॉप उघडला.

पडद्यावर त्याच्या प्रोबेशन ऑफिसर बाई आल्या. दुष्ट वगैरे नव्हत्या, दमलेल्या होत्या. समोर फायलींचा ढीग असणार. त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हा पदार्थ तुम्हाला कुणी दिला?”

“एका घरी पाहुणा होतो, मॅम.”

“नाव?”

“मी नाव सांगणार नाही, मॅम.”

मैत्रिणीने डोळे मिटले. बाई म्हणाल्या, “ज्याने दिलं त्याच्या नावाशिवाय मी ही नोंद करू शकत नाही. नोंद नसेल तर चाचणीनंतर सांगितलेली सबब आणि ही, यात फरक राहणार नाही. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते?”

“कळतंय, मॅम.”

आता माझा पारा चढला. मी खुर्ची ओढून पुढे झाले आणि माझं नाव सांगायला तोंड उघडलं, तोच त्याने आवाज बंद करायचं बटण दाबलं. “तू कामासाठी अमेरिकेत ये-जा करतेस,” तो म्हणाला. “व्हिसाच्या रांगेत उभी राहतेस. त्यांच्याकडच्या अमली पदार्थांच्या फाइलमध्ये नाव गेलं की ते निघत नाही. आणि तुझा रंगही गोरा नाही. मी एकदा कुणाचं नाव दिलं नाही, त्याची किंमत भरून झालीय माझी. आता ह्या वयात सुरुवात करायची नाही.”

मी भांडले. त्याला मूर्ख म्हणाले, हट्टी म्हणाले. हा माणूस पुन्हा आत जायला तयार होता, कशासाठी, तर ज्या घरात त्याने चकल्या खाल्ल्या त्या घराचं नाव कागदावर येऊ नये म्हणून. मला राग येत होता आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं. बहीण नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, तिने त्याला एकदाही विनवलं नाही. तिला तो पुरता ठाऊक होता.

“काय झालं? ते बाई काय म्हणते?” आईने विचारलं. ती कढई घासायची थांबून ओल्या हातांनी दारात उभी होती.

मी तिला सांगितलं. खसखशीने काय झालं, त्याला पुन्हा तुरुंगात टाकतील, आणि ती बाई नाव मागतेय, हा देत नाहीये. आईचा चेहरा एकदम उतरला. “माह्या अनारशानं?” एवढंच ती म्हणाली. मग पदराला हात पुसले. “नाव पाह्यजे न तिले? सरक.”

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, डोक्यावरून पदर घेतला आणि पडद्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, “आवाज चालू कर.”

माझ्या आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही चार जणींनी अडवल्यावर, हसत, भरभर. एरवी ‘हे’, ‘तुझे बाबा’, नाहीतर नुसतं ‘घरात’. पासपोर्टच्या ऑफिसात, बँकेत, इथल्या डॉक्टरकडे, पूर्ण नाव विचारलं की ती मला पुढे ढकलते. मी तिला त्यावरून कितीतरी चिडवलं आहे. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, रागावले की आडनावासकट, आणि ती कानांवर हात ठेवते.

मी बटण दाबलं. आईने स्वतःचं नाव सांगितलं, मग बाबांचं, मग आडनाव. शाळेत हजेरी देतात तसं, मोठ्याने, न अडखळता. मग गाव, तालुका आणि जिल्हा.

बाईंनी स्पेलिंग विचारलं. ते मी सांगितलं. “तुमचं ह्यांच्याशी नातं काय?” मी मराठीत विचारलं.

“सांग तिले, माह्या घरी पाव्हणा होता. त्याले काई माईत नोतं. तो नको म्हणे, म्याच बळजबरीनं खाऊ घातलं.”

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. बाई बराच वेळ टाइप करत होत्या. मग म्हणाल्या की नोंद झाली आहे, कप काही दाखवो, नमुना लॅबला पाठवीन. आणि पडदा बंद झाला.

तो उठून मागच्या बागेत गेला. मला वाटलं सुटल्यासारखं वाटलं असेल त्याला, पण तो रागावला होता. कुंपणापाशी पाठमोरा उभा. मी जवळ गेले तर म्हणाला, “तिला सांग, तिने हे करायला नको होतं. तिचं नाव तिथे जायला नको होतं.”

आई स्वेटर चढवत माझ्या मागोमाग आलीच होती. मी तिला त्याचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, “त्याले म्हणा, नाव माहं हाय. मी कोणाले बी सांगीन.”

हे मी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने वाकून तिचे दोन्ही हात हातात घेतले. हात अजून तुपाळ होते.

रात्रीची आवराआवर करताना मी तिला म्हटलं, “आई, तू बाबांचं नाव घेतलंस.”

“मंग? अर्धं नाव सांगून चाललं असतं का तिथं?” ती म्हणाली आणि मला डबे पुसायला लावले.

तो ठरल्या दिवशी परत गेला. कपाने मॉर्फिन दाखवलं. नोंद होती म्हणून त्याला लगेच ताब्यात घेतलं नाही, घरी पाठवलं आणि नमुना लॅबला गेला. त्यानंतर वाट बघणं. गाडीत मैत्रीण आणि मी त्याबद्दल बोलायचं टाळायचो आणि हवेबद्दल बोलायचो, अगदी इथल्या लोकांसारख्या. “ग्रँड सॉफ्ट डे,” ती धुक्याकडे बघून म्हणायची आणि फोन पालथा घालून मांडीवर ठेवायची. आईने खसखशीचा डबा उघडून एकदा हुंगला, झाकण लावलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. देवापुढे ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसत होती. एकदा मला म्हणाली, “तुह्या लॅबमंदी नाही का तपासता येत? तू सांग न त्याईले.” माझ्या लॅबचा तिथे काही उपयोग नव्हता, हे तिला पटवणं जड गेलं. मलाच ते पटत नव्हतं.

शेवटी अहवाल आला. अन्नातून आलेलं असावं, अटींचा भंग नाही. मैत्रिणीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडली. मागून येणारा एक ट्रॅक्टरवाला थांबून, सगळं ठीक आहे ना, विचारून गेला.

त्या रविवारी त्याने व्हिडिओ कॉल केला. आई, मी, मैत्रीण, तिघी एका सोफ्यावर. त्याने नवा शर्ट घातला होता, स्वतः शिवलेला. इकडचं तिकडचं झालं. मग तो मला म्हणाला, “आईंना सांग. कुणीतरी माझ्या प्रकरणात नाव सांगितलं आणि मी घरी गेलो, असं आजवर झालं नव्हतं.”

मी सांगितलं.  आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याच्याकडे बघत मलाच म्हणाली, “सांजच्याला दिवा लावतो मी. आपली गेलेली माणसं असतात, त्याईची आठवण काढतो. इचार त्याले, त्याच्या मायचं नाव काय होतं.”

मला विचारायला जरा जड गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला नाव दिलं नाही, त्याच्याकडे नाव मागायचं. पण आई फोन धरून वाट बघत होती, म्हणून मी विचारलं.  तो पडद्यावरून बाजूला कुठेतरी बघत राहिला, मग चेहरा अगदी जवळ आणला आणि त्याने नाव सांगितलं. पहिलं, मग मधलं, मग आडनाव. सावकाश, समोरच्याने नीट लिहून घ्यावं तसं.